वन्संचं ताट

आमच्या टोंगात पहिलं ताट नवऱ्याच्या बहिणीचं. पंगतीला पाद्री असो नाहीतर सरदार असो, घरच्या कार्यात चटईवर सगळ्यांत वर बसते ती मुलांची आत्या. तिला फाहू म्हणतात. भाच्यांची नावं ती ठेवते, लग्नातल्या केकचा वरचा थर ती घरी नेते, आणि भावाच्या घरातला आरसा तिला आवडला तर भावजयीनं तो पुसून, हसून तिच्या हातात द्यायचा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्या आईनं शिवलेली रजई तोकिलुपे वन्संनी अशीच उचलली. "माझ्या खाटेवर शोभेल," म्हणाल्या. शोभली. आजही तिथंच आहे.

त्या रजईचा राग मी बरीच वर्षं पाळला. पण माझ्या फुसीच्या बाळंतपणात मी तापानं फणफणले तेव्हा तीच रजई माझ्या अंगावर घालून वन्सं आठवडाभर उशाशी बसून होत्या. पाय चेपत होत्या आणि वर शिव्याही देत होत्या की मेली तर माझ्या भावाला जेवायला कोण घालील. अशा बाईचा धड रागही करता येत नाही.

वन्संना मूलबाळ नाही आणि यजमान लवकर गेले. आमच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. अंगानं त्या भरलेल्या होत्या, आणि आमच्याकडे हे सांगताना कुणी आवाज खाली आणत नाही. बहीण भरलेली म्हणजे भाऊ कर्ता. रविवारी जमिनीतली भट्टी उघडली की पहिलं पुडकं त्यांचं, अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि चरबीचं मटण. ते नेऊन द्यायचं काम माझं. माझा नवरा कितिओने स्वतः कधी बहिणीच्या उंबऱ्याच्या आत गेला नाही. भाऊ-बहीण वयात आले की आमच्यात एका छपराखाली झोपत नाहीत आणि एकमेकांसमोर अंगाची, कपड्याची, दुखण्याची गोष्ट काढत नाहीत. दुसऱ्या कुणी काढली तर दोघांतलं एक उठून जातं. कितिओने अंगणात उभा राहून खोकायचा, वन्सं आतून "हं" म्हणायच्या, आणि तो परत फिरायचा. आयुष्यभर त्यांचं बोलणं एवढंच. पण वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा हा माणूस आधी तिच्या छपराला दोरखंड बांधत होता आणि मी पोरीला पोटाशी धरून भिजत होते.

वन्संचं खरं नाव झालं ते हातांमुळे. केवड्याची पानं उकळून, समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून त्यांच्या त्या इतक्या बारीक पट्ट्या काढायच्या की विणलेली चटई लुगड्यासारखी घडी व्हायची. फुसीच्या लग्नात आमच्या रीतीनं तिच्या कमरेला बांधायची मानाची चटई त्यांनी तिच्या बारशाच्या दिवशीच कबूल केली होती. ती विणायला घेतली आणि बोटं धरली.

आधी सकाळीच धरायची. मग दिवसभर. बोटांचे सांधे सुजून अळकुडीसारखे झाले, मनगटं तापायला लागली, पाण्याचा पेला उचलताना दोन्ही हातांचे तळवे लावावे लागायचे. तेल झालं, पाला झाला, गावच्या बाईनं चोळून झालं. शेवटी नर्स ओफेइना त्यांना शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. संधिवात, पण म्हातारपणाचा नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलं होतं. गोळ्यांनी थोडं भागलं, पुरेसं नाही. मग न्यूझीलंडहून येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एक इंजेक्शन आहे, फार महाग, एक संस्था थोड्या रोग्यांपुरतं पाठवते. सहा महिने देऊन बघायचं. गुण आला तर पुढे मिळत राहील. नाही आला तर ते रांगेतल्या पुढच्या माणसाला.

डॉक्टर स्वतः शेवग्याच्या शेंगेसारखा. त्यानं वन्संना वजनकाट्यावर उभं केलं आणि बराच वेळ बोलत राहिला. ओफेइना आमच्या भाषेत सांगत होती आणि सांगताना तिचे कान लाल झाले होते. चरबी म्हणजे नुसती साठवण नाही, म्हणाली. ती जिवंत असते. ती हार्मोन तयार करते, रक्तात सोडते, आणि त्यातली काही हार्मोन सांध्यातली आग विझू देत नाहीत. इंजेक्शन पाणी टाकणार आणि ही मागून तेल ओतणार. वजन उतरलं तर औषधाला जोर येईल. येईलच असं नाही, पण ज्यांचं उतरतं त्यांना जास्त गुण येताना दिसतो.

वन्सं शांतपणे ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी चरबी बोलते?"

"तसंच काहीसं," ओफेइना म्हणाली.

"मग तिला सांग, भावजयीसारखी उलट बोलू नकोस म्हणावं."

आम्ही तिघी हसलो. डॉक्टरला कळलं नाही, पण तोही हसला. मग त्यानं विचारलं, घरात अन्न कोण आणतं? भाऊ? मग पुढच्या वेळी भावाला घेऊन या, त्याला मी समजावतो. ओफेइनानं हे तेव्हा आमच्या भाषेत आणलंच नाही, नंतर मला एकटीला सांगितलं. तिनं डॉक्टरला सांगितलं की ते होणार नाही. त्यानं का म्हणून विचारलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय सांगणार? बहिणीच्या पोटावरची, मांड्यांवरची चरबी आणि तिच्यातून झिरपणारे रस, हे भावाच्या कानावर घालायचं? त्यापेक्षा त्याच्या तोंडात मारलेलं बरं.

परतीच्या बसमध्ये वन्संनी मला बजावलं, "लेसिएली, हे तुझ्यामाझ्यात. ताट तू आणतेस. तूच कमी कर. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"गाव मला फाडून खाईल, वन्सं."

"खाऊ दे. तू तशीही चिवट आहेस."

तर असं ठरलं. इंजेक्शनं आमच्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात. ठरल्या दिवशी ओफेइना येऊन टोचून जायची. आणि मी वन्संच्या ताटात उकडलेला मासा, पालेभाजी आणि कोनफळाचा एवढासा तुकडा घालून, वर केळीचं पान झाकून न्यायची. कुंपण ओलांडताना पान वाऱ्यानं उडालं की माझा जीव उडायचा. पहिले दिवस वाईट गेले. वन्सं भुकेनं चिडायच्या, माझ्या माहेराचा उद्धार करायच्या, एकदा तर माशाचं डोकं माझ्याकडे भिरकावलं. मग ते उचलून द्यायला लावलं आणि खाल्लं.

पण गुण आला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी गेले तर वन्सं दारात बसून स्वतःची वेणी घालत होत्या. मी तिथंच उभी राहिले. दुपारी त्यांनी चटई पुन्हा काढली. डॉक्टरनं सांधे दाबून पाहिले, काट्यावर उभं केलं आणि ओफेइनाच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, माझ्याही मारेल. चोरून रडायला मी बाहेरच्या नळापाशी गेले.

इकडे गावाला दिसत होती ती एकच गोष्ट. फाहू वाळत चालली. कमरेची चटई सैल पडायला लागली, गळ्याची हाडं वर आली. पाद्रीणबाई मेलेआनेनं प्रार्थनेनंतर सगळ्यांच्या देखत वन्संचा दंड चाचपला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "काय गं, भट्टी बंद पडली का तुमची?" बायका हसल्या. पुरुषांच्या कावा पिण्याच्या बैठकीत तर म्हणे कितिओनेला विचारलं गेलं की रजईचा सूड अजून चाललाय का. नणंद-भावजयीचं जुनं भांडण गावाला तोंडपाठ होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तेव्हा खाल्ला.

कितिओने मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्या हातातल्या झाकलेल्या ताटाकडे बघायचा आणि मान फिरवायचा. शेवटी मला राहवेना. एका दुपारी तो जाळं शिवत बसला होता. मी समोर बसले आणि म्हटलं, "ऐका. डॉक्टर म्हणतात, वन्संच्या अंगात..."

'अंगात' हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि तो उठला. जाळं अर्ध्या टाक्यात टाकून कुंपणाबाहेर गेला. मी मागे धावले नाही. धावून काय उपयोग, कान त्याचे होते. पाद्र्याकरवी सांगावं असं मनात आलं, पण पाद्र्याला सांगणं म्हणजे मेलेआनेला सांगणं, आणि मेलेआनेला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. सहा महिने होऊन जाऊ देत, मी म्हटलं. वन्सं बऱ्या होऊन चटई विणतील, मग सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

त्यानंतर वन्संच्या गालांवर पुन्हा थोडी गोलाई आली. दुखणं हटलं म्हणून टवटवी आली, असं मी समजले. मग बोटं पुन्हा धरायला लागली. थंडी पडली म्हणून असेल, वन्सं म्हणाल्या. चटई मात्र सोडली नाही. वीतभर राहिली होती. दर दिवशी एक-दोन ओळी, मग एक, मग नुसत्या पट्ट्या हातात घेऊन बसायच्या.

सहाव्या महिन्यात डॉक्टरनं सांधे दाबले आणि वन्संनी ओठ चावला. काट्यावर उतरलेलं सगळं वजन परत चढलं होतं, वर थोडं जास्तच. मी वन्संकडे पाहिलं. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा पडला. इंजेक्शन आता बाहेरच्या बेटावरच्या एका बाईला जाणार होतं. तिचं मूल अंगावर पीत होतं आणि तिला ते उचलता येत नव्हतं. मी विचारलं, वजनामुळेच झालं का हे? ओफेइनानं त्याला विचारून सांगितलं की असेल, किंवा औषधाचा जोर तसाही ओसरला असता, कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. त्यानं खरं तेच सांगितलं. पण मला त्यापेक्षा शिवी परवडली असती.

वन्संच्या घरात शिरले आणि तोंड सुटलं. मी काय काय बोलले ते आठवतं, पण लिहिणार नाही. एवढंच की गावानं मला चेटकीण म्हटलं ते कुणासाठी, असं विचारलं, आणि चोरून खायचं होतं तर मला कशाला बळी दिलंत, असंही विचारलं. वन्सं खाटेवर त्या रजईवर बसून ऐकत होत्या. नेहमी या वेळी मी गायनाच्या सरावाला चर्चमध्ये असते. त्या दिवशी गेले नव्हते.

दिवस मावळत आला होता. बाहेर पायरीपाशी कुणीतरी खोकलं.

तो खोकला मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? वीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले आहे. पायरीवर ताट टेकल्याचा आवाज आला. वन्सं आतून म्हणाल्या, "हं."

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. कितिओने नीरफणसाच्या झाडापाशी जाऊन पाठमोरा उभा होता. पायरीवरच्या ताटातून अळूच्या पानांचा आणि मटणाचा वास आत येत होता. शिजवलेलं त्याच्या चुलतभावाच्या घरचं होतं, ते ताटावरून कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू त्याला सांगायला गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "पहिलं ताट मी डुकरांना घालणार होते. पण तो जाईना. रिकामं ताट बाहेर येईपर्यंत तो तिथंच उभा असतो, आणि डुकरं त्याच्याच बाजूला आहेत. मग खाल्लं."

"परत पाठवायचं ना."

"भावाचं ताट?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजले. "परत पाठवलं असतं तर त्याला काय कळलं असतं? की बहीण तुटली. बाकी कारण मी त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होते? तू सांगू शकली नाहीस, मी सांगू?"

मी दाराकडे निघाले. आता बाहेर जाऊन सगळं ओरडून सांगते म्हटलं, कान झाका नाहीतर पळून जा, मी तुमच्या मागे धावत गावभर ओरडेन. वन्सं उठल्या. त्यांना माझा हात धरता आला नाही, बोटं मिटतच नव्हती. त्यांनी आपलं मनगट माझ्या मनगटावर टाकलं.

"लेसिएली, ऐक. हात तर गेले. आता त्याला कळलं तर तो जगेल का? तो रोज हे ताट घेऊन येतो, तेव्हा त्याला वाटतं मी बहिणीला वाचवतोय. ते तेवढं राहू दे त्याच्याकडे."

"आणि माझं काय?"

"तुझं वाईट आहे," वन्सं म्हणाल्या. "तुला फाहूचा हुकूम आहे. सांगायचं नाही. मी मेले तरी नाही."

मग त्या खाली बसल्या आणि मी ताट आत आणलं. दोघींनी मिळून ते खाल्लं. रडत रडत खाल्लं. तो बाहेर उभा होता.

फुसीचं लग्न पावसाआधी उरकलं. चटई वीतभर अपुरीच राहिली. मी शेवटच्या ओळी घालू का विचारलं, तर वन्सं म्हणाल्या की तुझ्या विणीतून भोपळा गळून पडेल. सुट्या पट्ट्या आत दुमडून ती तशीच पोरीच्या कमरेला बांधली. बाहेरून कुणाला कळलं नाही. पंगतीत वन्सं सगळ्यांत वर बसल्या, समोर भाजलेलं अख्खं डुकराचं पिल्लू आणि केकचा वरचा थर. त्यांना काही उचलता येईना. तेव्हा मी त्यांच्या मागे बसले आणि घास करून भरवायला लागले. मेलेआने शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, की उशिरा का होईना, बाईला अक्कल आली. पुरुषांच्या रांगेतून कितिओने आमच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि कित्येक महिन्यांनी तो माझ्याकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी मांडवातली भांडी घासत होते. कितिओने उरलेल्या मटणाचं ताट भरून घेऊन आला. गेला नाही. जमिनीकडे बघत पायानं माती उकरत राहिला.

"तिचे हात," तो म्हणाला.

मी घासणं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बहिणीच्या अंगाचं नाव तोंडात घेतलं होतं. कानशिलं लाल झाली होती त्याची. तो निघून जाणार नव्हता. आज मी जे सांगितलं असतं ते त्यानं ऐकलं असतं, चरबीचं, हार्मोनचं, इंजेक्शनचं, सगळंच.

"बरे होतील ना?" त्यानं विचारलं. "आता पोटभर जेवतेय ती."

माझ्या मनगटावर मला वन्संचं मनगट जाणवलं.

"हो," मी म्हटलं. "जेवतील तशा बऱ्या होतील."

त्यानं मान हलवली. चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मग त्यानं ताटातला सगळ्यांत चरबीचा तुकडा शोधून वर ठेवला, नीट झाकलं आणि ताट माझ्या हातात दिलं.

"आज तूच ने," म्हणाला. "तुझ्या हातचं तिला गोड लागेल."

मी हात पुसले, ताट घेतलं आणि कुंपण ओलांडून गेले.